शिरेतून जेवण: अपुऱ्या दिवसांच्या बाळांविषयी वाचकांचे प्रश्न

बत्तीस आठवड्यांच्या आत किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मलं की पहिले काही दिवस त्याला तोंडाने किंवा नळीने पुरेसं दूध पचत नाही. तेवढे दिवस साखर, प्रथिनं, चरबी, क्षार आणि जीवनसत्त्वं थेट शिरेतून द्यावी लागतात. दवाखान्यात सगळे याला ‘टीपीएन’ म्हणतात. या विषयावर आलेली काही पत्रं घरच्यांची आहेत, काही नवजात विभागातल्या सिस्टर आणि डॉक्टरांची. दोन्ही एकत्रच छापतो आहोत. बाळाच्या काचेच्या पेटीच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना एकमेकांचे प्रश्न कळलेले बरे. इथले आकडे समजून घेण्यासाठी आहेत. कोणत्याही एका बाळाची मात्रा त्याचे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न: माझं बाळ २९ आठवड्यांचं, ११०० ग्रॅमचं आहे. जन्मल्या दिवसापासून दोन पंप चालू आहेत, एकात पाण्यासारखं औषध आणि दुसऱ्यात दुधासारखं पांढरं. हेच त्याचं जेवण, असं सांगतात. साधं ग्लुकोजचं सलाईन पुरलं नसतं का? आणि मला चीक येत असताना तो का देत नाहीत? (एक आई, सातारा)

ग्लुकोज पुरत नाही. हिशेब सोपा आहे. पहिल्या दिवशी किलोमागे साधारण ८० मिली पाणी द्यायचं असतं. ते सगळं १० टक्क्यांच्या ग्लुकोजचं दिलं तरी ८ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम २७ कॅलरी होतात. नुसतं जिवंत राहायला, वाढ बाजूलाच राहू द्या, बाळाला त्या दिवशी ४५ ते ५५ लागतात. किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात चरबी जवळपास १ टक्काच असते, तेव्हा उरलेली भूक ते स्वतःच्या स्नायूंवर भागवतं. प्रथिनं अजिबात मिळाली नाहीत तर रोज किलोमागे १ ग्रॅमहून जास्त प्रथिन अंगातून जातं. पोटात असताना वारेतून त्याला अमिनो ॲसिडं, म्हणजे प्रथिनांचे घटक, रात्रंदिवस मिळत होती. नाळ कापली तशी ती एका क्षणात बंद झाली. म्हणून प्रथिनांचं सलाईन ‘दोन-तीन दिवसांनी बघू’ असं न करता जन्मल्यानंतर काही तासांतच सुरू करतात. तुमच्या बाळाचं तसं झालं आहे, हे चांगलं झालं.

पाण्यासारख्या सिरिंजमध्ये साखर, अमिनो ॲसिड, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं आहेत. पांढऱ्या सिरिंजमध्ये लिपिड, म्हणजे तेलाचे अगदी बारीक थेंब पाण्यात मिसळलेले आहेत. उष्मांकांसाठी ते लागतंच, शिवाय मेंदू आणि पेशींच्या आवरणासाठी लागणारी जी स्निग्धाम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही तीही त्यातूनच मिळतात. लिपिड नसेल तर त्यांची कमतरता काही दिवसांतच दिसू लागते.

चीक मात्र मागून घ्या. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३४ आठवड्यांच्या सुमाराला बसतो, म्हणून अंगावर पाजता येत नाही. पण नाकातोंडातल्या नळीने दर दोन-तीन तासांनी एक-दोन मिली देता येतं. बाळ फारच अस्थिर असेल तर प्रत्येक गालाच्या आत ०.१ मिली चीक लावतात. एवढ्याने पोट भरत नाही. पण आतड्याला काम मिळतं, त्याचं अस्तर झिजत नाही आणि टीपीएन लवकर सुटतं. तुम्ही बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर, सहा तासांच्या आत, हाताने पिळायला सुरुवात करा आणि रात्र धरून दिवसाला ८ ते १२ वेळा पिळा. पहिल्या दिवशी चमच्याच्या तळाला दोन-चार थेंब दिसले की बायका हिरमुसतात. ते थेंब सिरिंजमध्ये ओढून घ्या आणि सिस्टरांकडे द्या, त्यातला एकही वाया घालवायचा नसतो.

प्रश्न: नातवाचे ओठ सुकलेले दिसतात. तोंडात पाण्याचा थेंब नाही. बोटाने मध चाटवला किंवा गुटी उगाळून थोडी दिली तर काय बिघडतं? आमच्याकडे सगळ्यांना दिली आहे. (आजी, जालना)

आजी, तुमचा जीव तुटतो हे समजतं, पण मध नको आणि गुटीही नको. मधात बोटुलिझमचे बीजाणू असू शकतात, म्हणून एक वर्षापर्यंत कोणत्याच बाळाला मध देत नाहीत. गुटी सहाणेवर उगाळतात, आणि सहाण व पाणी यांतून जाणारे जंतू या बाळाच्या आतड्याला सोसत नाहीत. ओठ सुकले म्हणजे बाळ तहानलेलं आहे असं समजू नका. पाणी शिरेतून मोजून चाललं आहे, आणि पुरतं आहे की नाही ते लघवी, वजन आणि रक्तातल्या सोडियमवरून रोज पाहतात. ओठांना लावायचाच तर सुनेचा चीक लावू द्या. सिस्टरांना तसं सांगितलंत तर त्या स्वतः लावतील.

प्रश्न: आमच्या युनिटला तयार पिशव्या मिळत नाहीत. लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या टेबलावर) आम्हीच भरतो. एक किलोच्या बाळाचा पहिल्या दिवसाचा हिशेब पायरीपायरीने द्याल का? चुका कुठे होतात? (स्टाफ नर्स, विदर्भातलं एक जिल्हा रुग्णालय)

बाळ १ किलोचं, एकूण द्रव ८० मिली धरू. आधी लिपिड काढून घ्या: पहिल्या दिवशी १ ग्रॅम, २० टक्क्यांच्या द्रावणात ५ मिली. मग अमिनो ॲसिड २ ग्रॅम, १० टक्क्यांचं असेल तर २० मिली. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, ४ मिली. त्यातून साधारण ३६ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. मल्टिव्हिटॅमिन १ मिली धरू. (फॉस्फेट या हिशेबात धरलेलं नाही, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.) हे सगळं ३० मिली झालं, साखरेला ५० मिली उरले.

आता साखर. मिनिटाला किलोमागे ५ मिलिग्रॅम द्यायची तर दिवसाला ७.२ ग्रॅम लागते. ती ५० मिलीत बसवायची. म्हणून २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) १४.७ मिली आणि १० टक्क्यांचं ३५.३ मिली. पहिल्यातून ३.६८ ग्रॅम, दुसऱ्यातून ३.५३, बेरीज ७.२. पाण्यासारखी सिरिंज ७५ मिलीची झाली: ताशी ३.१ मिली. लिपिड ताशी ०.२ मिली. कॅलरी साखरेच्या २४, प्रथिनांच्या ८, लिपिडच्या १०, म्हणजे ४२ च्या पुढे. पहिल्या दिवशी एवढ्यावर थांबायला हरकत नाही. पुढच्या दिवसांत प्रथिनं २.५ ते ३.५ ग्रॅम, लिपिड ३ ते ४ ग्रॅमपर्यंत आणि साखर मिनिटाला ८ ते १० मिलिग्रॅमपर्यंत न्यायची. साखरेचा वेग १२ च्या वर नेऊ नये, कारण त्यापुढची साखर जळत नाही, चरबी होऊन यकृतात साठते.

पडताळा रोज उलट्या बाजूने घ्या. सिरिंजमधल्या साखरेची टक्केवारी गुणिले ताशी मिली, त्याला वजनाच्या सहापटीने भागा. इथे ९.६ टक्के गुणिले ३.१२५, भागिले ६, बरोबर ५. उत्तर जुळलं नाही तर सिरिंज लावू नका.

सोडियम पहिल्या दिवशी घालत नाहीत. लघवी वाढून वजन थोडं उतरू लागलं की घालतात. पोटॅशियम लघवी नीट झाल्याशिवाय नाही. आईला झटक्यांसाठी किंवा बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्सल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) दिलं असेल तर बाळाचं मॅग्नेशियम आधीच चढलेलं असतं, तेव्हा पहिले दिवस मॅग्नेशियम घालायचं नाही. वजन जन्माचंच धरायचं, ते परत मिळेपर्यंत. रोजचं उतरलेलं वजन धरलं तर मात्राही रोज उतरत जाते.

चुकांबद्दल. सगळ्यात घातक चूक म्हणजे दोन पंपांचे वेग अदलाबदल होणं. या बाळाचं लिपिड ताशी ३.१ ने गेलं तर दिवसभरात १५ ग्रॅम चरबी शिरेत जाईल. वेग घालताना नळी बाळाच्या टोकापासून हाताने धरून पंपापर्यंत नेऊन बघा, आणि दुसऱ्या सिस्टरने ते मोठ्याने वाचून तपासावं. दुसरी चूक मिसळण्याची: २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज जड असतं, ते सिरिंजच्या तळाशी बसतं. सिरिंज दहा वेळा उलटसुलट केली नाही तर बाळाला पहिल्या काही तासांत घट्ट साखर जाते, नंतर पातळ, आणि शुगरचे आकडे कशालाच जुळत नाहीत. तिसरी, नळीत अडकणाऱ्या द्रवाची. लिपिड फक्त ५ मिली ओढलं आणि एक-दीड मिली नळी भरण्यात गेलं, तर दिवसाचा पाव भाग बाळाला मिळालाच नाही. नळी भरायला लागेल तेवढं जादा ओढा. वेग मात्र तोच ठेवा. आणि मोठ्या माणसांचं अमिनो ॲसिड समोर आहे म्हणून वापरू नका. नवजातांच्या द्रावणात टॉरिन असतं, टायरोसिन पुरेसं असतं आणि मेथिओनिन, ग्लायसिन कमी असतं. त्यांचं यकृत हा फरक सोसू शकत नाही.

हे मिश्रण बाहेरच्या, म्हणजे हातापायाच्या, शिरेतून चालेल, पण काठावर आहे. त्याची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांमुळे येणारा घट्टपणा, ९०० च्या जरा खाली येते आणि बाहेरच्या शिरेची मर्यादा ९०० हीच आहे. साखर १२.५ टक्क्यांच्या पुढे गेली की मध्यवर्ती लाईनच, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली नळीच, हवी.

प्रश्न: मिश्रणात कधी कधी बारीक पांढरे कण दिसतात. हलवले की जातात असं वाटतं. वापरायचं का? (औषधनिर्माता, नाशिक)

नाही. फेकून द्या. ते कॅल्शियम फॉस्फेट आहे, आणि हलवल्यावर ते विरघळत नाही, फक्त पसरतं. ते फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत जाऊन बसतं. अमेरिकेत अशा खड्यांमुळे मृत्यू झाल्यावर १९९४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता.

टाळायचं कसं ते पाहा. फॉस्फेट आधी घालायचं, अमिनो ॲसिड आणि डेक्स्ट्रोजमध्ये नीट पसरू द्यायचं, आणि कॅल्शियम सगळ्यात शेवटी, हळू, हलवत घालायचं. दोन्हींचे अॅम्प्युल एकाच सिरिंजमध्ये लागोपाठ ओढले तर ते तिथेच गोठतात. कॅल्शियम क्लोराइड न वापरता ग्लुकोनेट वापरा, ते फॉस्फेटशी कमी जोडलं जातं. अमिनो ॲसिड जितकं जास्त तितकं मिश्रण आम्ल राहतं आणि खडे कमी होतात. म्हणून प्रथिनं कमी आणि कॅल्शियम-फॉस्फेट जास्त अशी जोडी सगळ्यात वाईट. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बाकीचे बहुतेक क्षार उष्णतेने जास्त विरघळतात, पण कॅल्शियम फॉस्फेटचं उलट आहे. टेबलावर स्वच्छ दिसलेलं मिश्रण पेटीतल्या उबदार नळीत गढूळ होऊ शकतं. म्हणून नळी पेटीत जिथे शिरते त्या टप्प्याकडे पाळीगणिक एकदा, पाठीमागे काळा कागद धरून बघायला सांगा. लिपिड त्यात मिसळून टाकलं तर हे दिसणंच बंद होतं. ते वेगळ्या पंपातून, वाय जोडणीने बाळाजवळच मिळवावं. पाण्यासारख्या द्रावणाला ०.२ मायक्रॉनचं फिल्टर, लिपिडला १.२ चं. लिपिड ०.२ च्या फिल्टरमधून जात नाही, फिल्टरच बंद पडतं.

याच्या जोडीला एक औषध लक्षात ठेवा. २८ दिवसांच्या आतल्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागण्याची शक्यता असेल तर सेफ्ट्रायॅक्झोन हे अँटिबायोटिक द्यायचं नाही, वेगळ्या नळीतूनही नाही.

प्रश्न: सिरिंजला चांदीचा कागद गुंडाळतात. तो कशासाठी? (वडील, ठाणे)

उजेडापासून वाचवायला. विशेषतः कावीळ उतरवायच्या निळ्या दिव्याखाली लिपिड आणि जीवनसत्त्वं यांच्यात पेरॉक्साइड ही अपायकारक रसायनं तयार होतात, आणि अ जीवनसत्त्व नष्ट होतं. फक्त सिरिंज झाकून नळी उघडी ठेवली तर अर्धंच काम झालं. नळीही झाकायला हवी.

प्रश्न: आम्ही माळकरी आहोत. लिपिडमध्ये अंडं असतं असं कळलं. खरं आहे का? शाकाहारी प्रकार मिळतो का? (आजोबा, पंढरपूर)

खरं आहे. तेल सोयाबीनचं असलं तरी ते पाण्यात मिसळून ठेवायला अंड्याच्या पिवळ्या बलकातलं फॉस्फोलिपिड वापरतात. काही प्रकारांत ऑलिव्ह तेल आणि माशाचं तेलही असतं. नवजातांसाठी ज्यात हे काहीच नाही असं शिरेतून देण्याजोगं लिपिड दवाखान्यात मिळत नाही, आणि लिपिडशिवाय बाळाचं भागत नाही. हे पोटातलं अन्न नसून औषध आहे असं मानून बहुतेक कुटुंबं होकार देतात. निर्णय तुमचा, पण उशीर करू नका. डॉक्टरांशी आजच बोला.

प्रश्न: टीपीएनवरच्या बाळाची शुगर अचानक २८० आली. साखर कमी केली, तासाने ६०. प्रयोगशाळेतून ‘रक्त दुधासारखं आहे’ असाही शेरा आला. काय चुकलं? (निवासी डॉक्टर, पुणे)

बहुधा पहिला नमुनाच चुकला. ज्या हातात साखर चालू आहे त्याच हातातून रक्त घेतलं, किंवा टाचेवर डेक्स्ट्रोजचा ओलावा होता, तर असा आकडा येतो. एवढा मोठा आकडा आला की दुसऱ्या अवयवातून, स्वच्छ पुसून, लगेच दुसरा नमुना घ्या. दोन्ही वेळा १८० च्या वर राहिली तर साखरेचा वेग मिनिटाला १ ते २ मिलिग्रॅमने उतरवा, ४ च्या खाली नेऊ नका. आणि आधी शांत असलेल्या बाळाची शुगर तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर चढली तर जंतुसंसर्ग शोधा. कित्येकदा संसर्गाची पहिली खूण हीच असते. इन्सुलिन शेवटी.

दुधासारखं रक्त म्हणजे लिपिड अंगात साफ होत नाही, किंवा नमुना लिपिडच्या नळीजवळून घेतला आहे. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर लिपिड कमी करा; पूर्ण बंद करू नका. अशा नमुन्यात सोडियम खोटंच कमी दिसू शकतं आणि हिमोग्लोबिन, बिलिरुबिनवरही भरवसा ठेवता येत नाही. त्या सोडियमवरून क्षार वाढवले तर नवीच अडचण उभी राहते.

प्रश्न: बाळाच्या हाताला सुईजवळ सूज आली होती, नंतर काळा डाग पडला. आता दंडातून ‘पिक लाईन’ घालायची म्हणतात. हृदयापर्यंत नळी जाणार म्हणून भीती वाटते. (आई, कोल्हापूर)

झालं ते असं: शिरेतून द्रव बाहेर झिरपला आणि त्यातल्या घट्ट साखरेने आणि कॅल्शियमने कातडी जाळली. म्हणूनच पिक लाईन सुचवली आहे. ती साध्या दोऱ्याइतकी बारीक, १ किंवा २ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी असते. कोपरातल्या शिरेतून सरकवत तिचं टोक मोठ्या शिरेत, हृदयाच्या तोंडाशी नेतात; तिथे रक्ताचा प्रवाह इतका असतो की घट्ट द्रवही क्षणात पातळ होतो. हृदयाच्या आत टोक जाऊ द्यायचं नसतं. ते एक्स-रेवर पाहिल्याशिवाय टीपीएन सुरू करत नाहीत. एक्स-रे काढताना हाताची ठेवण नेहमी असते तशीच असावी, कारण हात हलवला की टोकही सरकतं. लाईन असलेलं बाळ अचानक ढासळलं तर डॉक्टर हृदयाभोवती द्रव साठला का तेही बघतात. ते दुर्मीळ असतं, पण वेळीच ओळखलं तर द्रव काढून बाळ वाचवता येतं.

तुम्ही करू शकता ते एवढंच: भेटायला गेलात की सुईची जागा बघा. सूज, कडकपणा, पांढरट किंवा निळसर रंग, फोड, किंवा तो हात हलवला की रडणं, यातलं काही दिसलं तर तिथेच सांगा. सुईच्या टोकाची जागा पट्टीखाली झाकलेली नसावी, ती दिसायला हवी. शेक कधीही देऊ नका. सिस्टरांसाठी: पंप थांबवा, सुई लगेच काढू नका, आधी तिच्यातून जेवढं निघेल तेवढं ओढून घ्या, हात उंच ठेवा, आणि हायल्युरोनिडेज (झिरपलेला द्रव पांगवणारं औषध) द्यायचं असेल तर पहिल्या तासात.

प्रश्न: आमच्याकडे टीपीएन सुरू केलं की चार-पाच दिवसांत बाळं सेप्सिसमध्ये (रक्तातल्या जंतुसंसर्गात) जातात. बंदच करावं असं काही वरिष्ठ म्हणतात. (वैद्यकीय अधिकारी, मराठवाडा)

बंद करू नका. बाळं संसर्गात जातात ती लाईनच्या तोंडातून, आणि ते तोंड तुमच्या हातात आहे. दर वेळी जोडणी उघडण्याआधी ती अल्कोहोलच्या बोळ्याने १५ सेकंद घासा आणि वाळू द्या. वाळणं महत्त्वाचं, जंतू तेव्हाच मरतात. थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांच्या जोडण्या, जितके कमी तितके बरे. या लाईनमधून रक्त काढायचं नाही, अँटिबायोटिक द्यायचं नाही. लिपिडची सिरिंज आणि नळी दर २४ तासांनी बदला. लिपिडमध्ये जंतू आणि मॅलॅसेझिया ही बुरशी झपाट्याने वाढते. मिश्रण भरण्याचं काम दिवसातून एकदाच, पंखा बंद, दार बंद, निर्जंतुक हातमोज्यांनी, आणि भरणाऱ्याने त्या वेळी दुसऱ्या बाळाला हात लावायचा नाही. रात्री साखर बदलायची म्हणून सिरिंजमध्ये वरून डेक्स्ट्रोज टोचण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ती मोडली तरी संसर्ग खाली येतो. आणि रोज सकाळी राउंडला एकच प्रश्न विचारा: ही लाईन आज लागणार आहे का?

प्रश्न: ३० आठवड्यांचं, पण वाढ खुंटलेलं ९०० ग्रॅमचं बाळ. तिसऱ्या दिवशी कॅल्शियम जास्त, पोटॅशियम कमी. आम्ही कॅल्शियम काढून टाकलं. योग्य केलं का? (बालरोगतज्ज्ञ, अहिल्यानगर)

फॉस्फरस तपासला का? बहुतेक तो खूप खाली असेल. अशा बाळाला अमिनो ॲसिड आणि साखर मिळाली की पेशी वाढायला लागतात आणि फॉस्फरस, पोटॅशियम आत ओढून घेतात. बाहेरून फॉस्फरस मिळत नसेल तर हाडांतून काढला जातो आणि त्याबरोबर कॅल्शियमही रक्तात येतं. कॅल्शियम जास्त दिसतं ते त्यामुळे. उपाय फॉस्फेट देणं हा आहे. पहिल्या दिवसापासून किलोमागे साधारण ३१ ते ६२ मिलिग्रॅम फॉस्फरस धरावा, वाढ सुरू झाल्यावर ५० ते १०८. पोटॅशियम फॉस्फेट वापरलं तर त्यातलं पोटॅशियम हिशेबात धरा. फॉस्फरस फार खाली गेला तर श्वासाचे स्नायू थकतात आणि बाळ व्हेंटिलेटरवरून सुटत नाही. प्रथिनं लवकर सुरू करायची पण फॉस्फेट मात्र ‘नंतर’, ही सवय बऱ्याच युनिटांत आहे. ती धोक्याची आहे.

जीवनसत्त्वांचंही तसंच. बी-१ नसताना साखर चालू ठेवली तर लॅक्टिक ॲसिड वाढत जातं, आणि ते सेप्सिस समजून उपचार होतात. मल्टिव्हिटॅमिन संपलं म्हणून चार दिवस चालवून नेणं परवडत नाही.

प्रश्न: बाळाला टीपीएन सुरू होऊन तीन आठवडे झाले. कावीळ उतरली होती, आता पुन्हा डोळे पिवळे दिसतात. (आई, पणजी)

शीचा रंग बघा. पिवळी किंवा हिरवट असेल तर ठीक. मातकट, पांढरट असेल आणि लघवीने लंगोट गडद पिवळा होत असेल तर त्याच दिवशी दाखवा. दोन-तीन आठवड्यांच्या टीपीएननंतर यकृतात पित्त साचू शकतं. रक्तात डायरेक्ट बिलिरुबिन (यकृतातून न गेलेलं, साचलेल्या पित्ताचं रंगद्रव्य) २ च्या वर जातं. आतड्यात अन्न न जाणं, वारंवार संसर्ग आणि सोयाबीनच्या तेलातले फायटोस्टेरॉल (वनस्पतींतले कोलेस्टेरॉलसारखे घटक) ही त्याची मुख्य कारणं. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे थोडं थोडं का होईना, दूध वाढवत नेणं. त्याबरोबर डॉक्टर लिपिडची मात्रा उतरवतात किंवा माशाच्या तेलाचा प्रकार वापरतात, आणि तांबं व मँगनीज यांची मात्रा पुन्हा पाहतात. दूध पूर्ण सुरू झालं की ही कावीळ बहुतेक बाळांत काही आठवड्यांत, कधी महिन्यांत उतरते. आधी पित्तनलिकेचा आजार नाही हे तपासून घेतात.

प्रश्न: हा प्रकार सुरू कधी झाला? (नर्सिंगची विद्यार्थिनी, मुंबई)

१९६० च्या दशकात. स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनचं तेल आणि अंड्याचं फॉस्फोलिपिड वापरून शिरेत सुखरूप जाणारं लिपिड तयार केलं. फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक यांनी आधी कुत्र्यांची पिल्लं केवळ शिरेतल्या अन्नावर वाढवून दाखवली. मग त्यांनी आणि डग्लस विल्मोर यांनी जन्मतःच आतडं बंद असलेल्या एका बाळाला तसंच वाढवलं आणि १९६८ मध्ये ते प्रसिद्ध केलं.

प्रश्न: टीपीएन कधी सुटणार? रोज ‘अजून दोन दिवस’ म्हणतात. माझं दूध कमी पडतं, त्यामुळे उशीर होतो का? (आई, डोंबिवली)

तारीख सांगता येत नाही, पण मोजमाप सांगता येतं. दूध रोज किलोमागे २० ते ३० मिलीने वाढवतात. ते किलोमागे १०० ते १२० मिलीला पोचलं आणि पचलं की टीपीएन थांबतं. सगळं सुरळीत असेल तर आठवडा ते दहा दिवस लागतात. मध्ये पोट फुगलं, हिरवी उलटी झाली किंवा शीत रक्त दिसलं तर दूध थांबवून आतड्याला सूज आली आहे का ते बघावं लागतं. नुसतं नळीतून थोडं दूध मागे आलं म्हणून थांबवायची गरज नसते.

तुमचं दूध कमी पडत असेल तर युनिटला दूध पेढीचं दूध मिळतं का ते विचारा. मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली पेढी आशियातली पहिली होती, आणि आता राज्यात इतर ठिकाणीही पेढ्या आहेत. पावडरच्या दुधापेक्षा दात्या आईचं दूध या बाळांच्या आतड्याला जास्त सुखरूप आहे. ते मिळेपर्यंत तुम्ही पिळणं थांबवू नका. बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरून बसलात की लगेच पिळा, तेव्हा जास्त येतं.

सिस्टर आणि डॉक्टरांसाठी या टप्प्यातली एक खाच. दूध ८० मिली आणि टीपीएन ७० मिली असतं त्या दिवशी १०० मिली दुधात सुमारे १ ग्रॅमच प्रथिन असतं हे विसरलं जातं. दूध वाढलं म्हणून सलाईनमधलं अमिनो ॲसिड सरसकट कापलं की एकूण प्रथिन २ ग्रॅमवर येतं आणि वजन चार-पाच दिवस तिथेच अडकतं. दोन्हींची बेरीज रोज लिहा, आणि दूध १०० मिलीला पोचलं की फॉर्टिफायर (आईच्या दुधात प्रथिनं आणि क्षार वाढवणारी पूड) घाला. शेवटच्या दिवशी पंप एकदम बंद करू नका. वेग टप्प्याटप्प्याने उतरवा, बंद केल्यावर अर्ध्या तासाने आणि पुढच्या दुधाआधी शुगर बघा, आणि ती ५० च्या वर राहिली की त्याच दिवशी लाईन काढा. ‘राहू दे, लागली तर’ म्हणून ठेवलेल्या लाईनमधूनच पुढचा संसर्ग येतो.